मामींच्या कानातला कोड

मामी : …आणि मी बोलले की माझाच आवाज मागून येतोय. विहिरीत वाकून बोलल्यासारखा.

भाची : किती मागून, मामी? चिकटून की सुटा?

मामी : चिकटून. मी 'या' म्हटलं की मागे अजून एक छोटी 'या' उभी. तासाभरात डोकं उठेल माझं.

मामा : बारा मिलिसेकंदांचा उशीर असणार. न मोजता सांगतो.

भाची : चौदा. सकाळी आल्या आल्या मोजलाय, त्या पुतळ्याच्या कानात घालून.

मामा : चौदा. आणि माझ्या कोडाचा किती होता?

भाची : सहा. मामा, तुझा सहा इथे झाडणाऱ्या मावशींनाही पाठ आहे. तू नोकरी सोडून तीन वर्षं झाली, तरी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतात, एका माणसाने एकट्याने सहावर आणला होता.

मामा : सांगू देत की. खोटं आहे का?

मामी : हा पुतळा माझ्याकडे का बघतोय? नुसतं डोकं आणि दोन कान. डोळे नाहीत तरी बघतोय.

भाची : फिरव त्याला भिंतीकडे.

मामी : आणि माझ्या कानातल्यात माझं जुनंच परत भर. लोकांच्या बायकांच्या कानातल्याला मोती असतात, माझ्या कानातल्याला बॅटरी. पण माझं मला बरं होतं. तू तर म्हणालीस, सहज ये मामी, आमची आवाजाची खोली बघून जा.

भाची : भरते, दोनच मिनिटं थांब. मामा, ऐक. बारा वाजता संचालक बाई एकच उत्तर मागणार आहेत. बहिऱ्या मुलांच्या शाळेची चारशे श्रवणयंत्रं तयार आहेत, फक्त आत कोड भरायचा राहिलाय. तुझा जुना भरायचा की मी वर्षभर बसून लिहिलेला नवा.

मामा : ह्यात विचारायचं काय? चौदाचा उशीर देणार तू मुलांना? ती अजून बोलायला शिकतायत. स्वतःचा आवाज दोनदा ऐकून कोण बोलायला शिकेल? जुना भर. आठ वर्षं धावतोय.

भाची : धावतो, पण कुणाला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी त्याच शाळेतून तक्रार आली, मैदानात पळताना वारा घोंघावतो. एवढंसं काम. आम्ही तिघं सात आठवडे बसलो. वारा गेला, शिट्टी आली. शिट्टी घालवली, तर डावा कान बंद.

मामा : नको तिथे हात घातलात.

भाची : मग हवं तिथे कुठे ते दाखव. हा घे तुझा कोड.

मामा : खाली घे. अजून खाली. हां, इथे. हा जो के-सात आहे ना… के-सात म्हणजे… वर घे जरा.

मामी : काय झालं?

मामा : काही नाही. चष्मा.

मामी : चष्मा डोळ्यांवरच आहे तुमच्या.

मामा : के-सात मी इथे उलटा करून वापरलाय. का बरं? काहीतरी कारण होतं. भारी कारण होतं, एवढं आठवतंय.

भाची : मला हसायचं नाहीये, मामा.

मामा : हस, बयो. नऊशे ओळींचं एकच फंक्शन, माझ्या हातचं, आणि परक्या बाईचं पत्र चोरून वाचतोय असं वाटतंय.

मामी : परक्या बाईचंच कशाला?

मामा : अगं, बोलायची पद्धत. तुला सांगतो, बयो, तेव्हाची चिप म्हणजे नखाएवढी अक्कल. एकेक ओळ वाचवायला मी आठ-आठ दिवस घालवलेत. नावं लांब ठेवली तर लिहिताना हात अडायचे. म्हणून के-एक, के-दोन. टिपा लिहायला वेळ कुठे होता? तुझ्या मामीचं जुनं यंत्र वीसच्या उशिराचं होतं. दोन दिवस वापरलं आणि टाचण्यांच्या डबीत टाकून दिलं. तिथेच पडलेलं सापडलं मला.

मामी : मग? तापात कान गेले ते गेले, वर दिवसभर माझंच मला दोनदा ऐकायचं?

भाची : मला आठवतंय. मी कॉलेजसाठी तुमच्याकडे राहायला आले तेच वर्ष. मामा जेवताना ताटात बोटाने आकडे काढायचा.

मामी : आणि ताट तसंच ठेवून उठायचे.

मामा : ते असू दे. तुझा दाखव. काय असं लिहिलंयस ते तरी बघू.

भाची : हे बघ. पण रागावायचं नाही. एकाच्या जागी चाळीस छोटी फंक्शनं केलीत, एकेका कामाला एक.

मामा : चाळीस. चिपची दया नाही आली? …थांब. सरकवू नकोस. 'मोठा आवाज आला का? आला तर दाब. थोडा थांब. मग हळूच सोड.' हे असंच लिहिलंय?

भाची : नावंच तशी ठेवलीत. वाचलं की कळलं पाहिजे.

मामा : 'वारा आहे का? दोन्ही माइकवर वेगळं ऐकू येतंय का? मग तो वारा.' अरेच्चा. हे मी केलं होतं?

भाची : तूच केलं होतंस. मी फक्त उकलून ठेवलं. वारा शोधायची ही युक्ती तुझ्या ओळ चारशे दहा ते चारशे साठमध्ये तीन ठिकाणी विखुरली होती. ती हाती लागायला मला अख्खा महिना लागला. आणि ज्या दिवशी लागली, त्या दिवशी मैदानाची तक्रार एका दुपारी मिटली. शिट्टी नाही, काही नाही.

मामा : एका दुपारी?

भाची : तीन ओळी बदलल्या.

मामी : अहो, मी एक सांगू का? तुम्ही माया ठेवलीच नाहीत.

मामा : आता ह्यात माया कुठून आली?

मामी : शिवणीतली माया हो. अंगाबरोबर शिवलंत, आत कापड सोडलंच नाही. अंगावर असतं तोवर झकास. पण उद्या कुणाला सैल करायचं झालं तर उसवायला जागाच नाही. हिने माया सोडून शिवलंय.

भाची : मामी, हे वाक्य मी बाईंना सांगणार.

मामा : सांग. पण हिच्या मायेमुळेच तुझ्या मागे ती छोटी 'या' उभी राहतेय ना. दोन्ही बाजू बघ.

मामी : ती का राहते? हेच मला कळलं नाही. लिहिण्यावरून आवाज मागे कसा पडतो?

भाची : असं बघ. आवाज थेंबाथेंबाने येतो. एका सेकंदात सोळा हजार थेंब. यंत्र ते वाटीत साठवतं, वाटी भरली की चिपला देतं, चिप गाळून तुझ्या कानात ओतते. चिपला गाळायला जास्त वेळ लागला, तर पुढची वाटी सांडते. मग सांडू नये म्हणून वाटी मोठी घ्यावी लागते. आणि मोठी वाटी भरायलाच वेळ जातो.

मामी : म्हणजे हिची चिप हळू गाळते.

भाची : माझा कोड हळू गाळतो. चिप तीच.

मामा : कुठे वेळ जातोय ते मोजलंस? का नुसतंच चाळीस फंक्शनं म्हणून रडतेयस?

भाची : मोजायला घेतलं होतं, पण काल रात्रीपर्यंत बाईंना द्यायची कागदपत्रंच… थांब, आत्ता चालवते. मामी, बोलत राहा. काहीही बोल.

मामी : काहीही म्हणजे काय बोलू? पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, कॉलर दुहेरी, कॉलरला आत कडक कापड…

भाची : पुरे. आलं. मामा, हे बघ. शंभरातले एकसष्ट भाग वेळ एकाच फंक्शनात जातोय. चाळिसातल्या एकाच.

मामा : कुठल्या?

भाची : 'आवाज किती मोठा'. हे छोटंसं. चार ओळींचं. मला वाटत होतं, वाऱ्याचं असेल.

मामा : वाटण्यावर जाऊ नये, मोजावं. हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. काय करतेस त्यात? हं. हं. बये, दर थेंबाला तू लॉगचं गणित करतेस?

भाची : गणित बरोबर आहे.

मामा : बरोबर आहे, पण पाढे पाठ असताना बोटं कोण मोजतं? सेकंदाला सोळा हजार वेळा तेच गणित. उत्तरं सगळी मिळून दोनशे छप्पन्नच आहेत. एकदाच काढ, तक्त्यात मांडून ठेव, मग नुसतं बघायचं.

भाची : तक्ता. तुझ्या कोडात ती आकड्यांची भिंत होती, ओळ साठपासून…

मामा : तोच तक्ता.

भाची : मी काढून टाकला. काय आहे कळलंच नाही. मला वाटलं, जुना कचरा राहिलाय.

मामा : कचरा. तीन आठवडे घालवले होते मी त्या कचऱ्यावर.

भाची : मग वर एक ओळ लिहायची होतीस, 'हा लॉगचा तक्ता आहे'. एक ओळ. चिपला ती दिसतही नाही.

मामा : …हो. ते खरं आहे.

भाची : थांब, घालते. आकडे मी कोडकडूनच भरून घेते, हाताने लिहायला नकोत. आणि वर टीप : हे का केलंय, किती वेळ वाचतो. झालं. मोजतेय. मामा. मामा, नऊ.

मामा : चौदावरून?

भाची : चौदावरून नऊ. एका तक्त्याने.

मामी : मग घाला ना माझ्या कानात.

भाची : अजून अकराच वाजलेत, मामी. वेळ आहे. मामा, पुढचं बघ. पुढचे एकवीस भाग इथे.

मामा : हे 'थेंब गाळ'. हे ठीक आहे, पण दर थेंबाला तू एक दार उघडतेस, आत जातेस, बाहेर येतेस, दार लावतेस. थेंब केवढा आणि दार केवढं.

भाची : म्हणजे सगळं परत एकात कोंबू? नाही हं. ते मी करणार नाही. त्यासाठीच तर…

मामा : कोंबू नकोस. तू आहे तसंच ठेव, सुटं, नावानिशी. कंपायलरला, म्हणजे आपलं लिहिलेलं चिपच्या भाषेत करून देणाऱ्याला सांग, ह्या एका फंक्शनाचं दार काढून टाक म्हणून. आमच्या वेळच्या कंपायलरला ऐकू यायचं नाही. आताच्याला येतं.

भाची : एका शब्दाचं काम आहे.

मामा : मग घाल की तो शब्द.

भाची : घातला. मोजतेय… आठ. नाही, सात. स्थिर आहे. सात. मामा, सात आला.

मामा : परत मोज.

भाची : सात. तीनदा मोजला. वाचता येतंय आणि सात आहे. वर्षभर मी रडतेय ह्याच्यासाठी, आणि तू पाऊण तासात…

मामा : मी काय केलं? तुझं वाचता आलं म्हणून जागा सापडली. माझ्यात शोधायला बसलो असतो तर बारा वाजले असते. पुढच्या महिन्यातले. आता एक मिलिसेकंद राहिलाय. तोही काढू.

भाची : राहू दे ना. सात आणि सहा…

मामा : राहू दे कसा? सहा तो सहा. सोपी युक्ती आहे. हिचं यंत्र डॉकवर लाव, तोवर हा सात भरून होऊ दे, मी तुला सांगतो.

भाची : मामी, दे तुझं कानातलं. दोन्ही कानांतलं. पाच मिनिटं.

मामी : घ्या. मी आता पुतळ्याशेजारी पुतळा. आमच्या दोघांत फरक एवढाच की मला भूक लागते.

मामा : हं, तर युक्ती अशी. एकेक थेंब खाण्याऐवजी चार-चार थेंबांचा घास घ्यायचा. फेऱ्या पावपट होतात. माझ्या कोडात सगळीकडे चार-चारचाच घास आहे.

भाची : चार. …मामा, मला तुला एक विचारायचं राहून गेलंय. 'थोडा थांब'मध्ये. हे बघ, मी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती : 'इथे चारपट का? मामाला विचारणे.'

मामा : कसली चारपट?

भाची : मोठा आवाज आला की आपण आवाज दाबतो, म्हणजे कान फाटत नाही. मग थोडं थांबतो आणि सोडतो. तुझ्या जुन्या वहीत लिहिलंय, थांबायचं ऐंशी मिलिसेकंद. पण तुझा कोड थांबतो तीनशे वीस. मला वाटलं, काहीतरी मुद्दाम असेल. म्हणून मी जसंच्या तसं ठेवलं, आणि टीप लिहिली.

मामा : ऐंशीच आहे. तीनशे वीस कसं असेल? मी उलटी मोजणी लावली होती. दर थेंबाला एक आकडा कमी. शून्य झालं की सोड. ते तर…

भाची : मामा?

मामा : दर थेंबाला एक. आणि नंतर मी चार-चारचा घास केला. सगळीकडे. वेग वाढवायला. आणि मोजणी…

भाची : मोजणी एकानेच कमी होत राहिली.

मामा : चार थेंब जातात, आकडा एकच कमी होतो. चारपट थांबतोय. सेकंदाचा तिसरा हिस्सा कान दाबून ठेवतोय.

भाची : एक अक्षर जाईल तेवढ्यात. घाईने बोललं तर दोन.

मामा : आठ वर्षं ती मला हेच सांगतेय, बयो. भांडं पडलं की पुढचं अक्षर कुणीतरी गिळतं. कात्री टेबलावर आपटली की बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर जातं. आणि मी काय सांगायचो?

भाची : 'सवय होईल.'

मामा : तू पण ऐकलंयस.

मामी : काय झालं? अहो, काय झालं? दोघांचे चेहरे का उतरले? मेलं का ते मशीन?

भाची : मामा, ती फार मोठ्याने बोलतेय, तिला कळत नाहीये. काहीतरी खूण कर तिला.

मामा : काय खूण करू? ह्याला खूण काय आहे?

भाची : मी दुरुस्त करते. एक ओळ आहे. ऐंशी ते ऐंशीच. आणि ते चार-चार मी घालणार नाहीये.

मामा : नको. नकोच घालू. सहा गेला खड्ड्यात.

भाची : भरतेय… भरलं. मामी, घाल. आधी हळू बोल काहीतरी.

मामी : या. या या. …ती छोटी गेली की. मी एकटीच आहे. हे तुमच्या जुन्यासारखंच झालं अगदी.

भाची : जुना सहा होता, हा सात आहे. फरक कळतो?

मामी : तुम्हाला कळतो का, ते सांगा. मला नाही कळत.

मामा : आता पाठ कर आमच्याकडे. बस तशीच. भिंतीकडे तोंड कर. बयो, तो पत्र्याचा डबा घे आणि टाक खाली. जोरात टाक.

[डबा पडतो.]

मामा : पसारा.

मामी : पसारा.

मामा : काय म्हणालीस?

मामी : पसारा म्हणाले. तुम्ही म्हणालात म्हणून. परत पाडा.

भाची : हे घे. बटण.

मामी : बटण. परत.

मामा : उशीर.

मामी : उशीर. अहो, अख्खं येतंय. परत पाड गं. थांबू नकोस.

भाची : कमान.

मामी : कमान. नाहीतर मला 'मान' आलं असतं, आणि मी माझीच मान चाचपली असती. हे काय केलंत तुम्ही? कसं केलंत?

मामा : केलं नाही. आठ वर्षांपूर्वी केलेलं काढलं. इकडे तोंड कर. तुझा कान नव्हता तो. माझी चूक होती. वेग वाढवायच्या नादात मी एक मोजणी बदलायची विसरलो. दर घासाला चार थेंब घेत होतो आणि हिशेबात एकच लिहीत होतो. म्हणून मोठा आवाज झाला की यंत्र चारपट वेळ गप्प बसायचं.

मामी : म्हणजे अक्षर खरंच जात होतं.

मामा : खरंच जात होतं.

मामी : मला वाटायला लागलं होतं, माझं लक्षच नसतं. वय झालं, म्हटलं.

भाची : मामी, बस. पाणी देऊ?

मामी : नको. मी बरी आहे. तुम्हाला दोघांना एक सांगते, कधी सांगितलं नाही. माझा शिवणवर्ग मी गुडघ्यांमुळे बंद केला, असं सांगत आले ना सगळ्यांना?

मामा : गुडघेच दुखायचे तुझे.

मामी : गुडघे आत्ता दुखतात. तेव्हा नव्हते दुखत. एका मुलीचं लग्नाचं कापड होतं. तिच्या आईने साठवून ठेवलेलं, तसं परत मिळणार नव्हतं. माझ्या हाताशी एक शिकाऊ बाई होती. मी कात्री लावली, तेवढ्यात मागे कुणाचीतरी इस्त्री पडली, धाडकन. आणि ती बाई म्हणाली, 'नका कापू.' मला ऐकू आलं, 'कापू?' मी म्हटलं, कापतेच आहे की. आणि कापलं.

भाची : अगं मामी.

मामी : माप उलटं धरलं होतं आम्ही. तिने बघितलं होतं, म्हणून ओरडली बिचारी. ती मुलगी काही बोलली नाही. आईही बोलली नाही. कापड घडी घालून घेऊन गेल्या. मी त्या आठवड्यात वर्ग बंद केला. बावीस वर्षं चालवला होता.

मामा : मला का नाही सांगितलंस?

मामी : सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असतात, सवय होईल.

मामा : हो. हेच म्हणालो असतो.

मामी : तसं तोंड करू नका. रागाने नाही म्हणत मी. आज मला इतकं बरं वाटतंय की काय सांगू. माझ्या डोक्यात काही बिघडलं नव्हतं. यंत्रात होतं. यंत्राचं काय, ते उसवता येतं.

भाची : बाराला दहा कमी आहेत. मी निघते. मामा, तू पण चल बाईंकडे.

मामा : तू जा. तुझं काम आहे. विचारलं तर सांग, सहा मी सोडला. मी स्वतः सोडला म्हणून सांग. आणि चूक लपवू नकोस. कुणाची ते पण सांग.

भाची : सांगू?

मामा : जा, बयो. पळ.

मामी : गेली. वाऱ्यासारखी गेली. दार पण नाही लावलं.

मामा : तुला चालत्या पावलांचा आवाज येतोय?

मामी : येतोय. जिना उतरतेय. दोन-दोन पायऱ्या.

मामा : वर्ग परत सुरू करशील?

मामी : एवढ्यात विचारू नका. आधी घरी जाऊन चार भांडी पाडून बघते. …आणि काय हो, त्या मुलीचा कोड तुम्हाला आवडला ना? खरं सांगा.

मामा : आवडला म्हणजे काय, मला हेवा वाटला. मी जे डोक्यात धरून हिंडत होतो ते तिने कागदावर ठेवलंय. मी ती मोजणीची जागा माझ्या कोडात शंभरदा बघितली असेल. दिसली नाही. तिने नुसतं विचारलं, इथे चारपट का, आणि झालं. मी वाचण्यासाठी कधी लिहिलंच नाही गं. धावण्यासाठी लिहिलं.

मामी : धावलं पण. मला आठ वर्षं ऐकवलंत तुम्ही. ते विसरू नका.

मामा : तू तरी नीट बोलतेयस माझ्याशी.

मामी : मी नेहमीच नीट बोलते. आली बघा. वर येतेय. ह्या वेळी एक-एक पायरी.

मामा : काय झालं, बयो? नाही म्हणाल्या?

भाची : हो म्हणाल्या. श्वास घेऊ दे. हो म्हणाल्या, पण लगेच नाही. आधी आठ दिवस वीस जणांच्या कानात घालून बघायचा. वीसही जण खूष झाले तर चारशे मुलांच्या यंत्रांत माझाच भरायचा. आपलाच. तुझा तक्ता आहे त्यात.

मामी : मग अशी शांत का आलीस?

भाची : त्यांनी पुढे विचारलं, जुना कोड किती लोकांच्या कानात आहे. मी यादी काढली. अकराशे चाळीस.

मामा : अकराशे चाळीस.

भाची : सगळ्यांना बोलवायचं, कोड बदलून द्यायचा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं लागतील. मामा, मी तक्रारींची वही पण बघितली. 'पहिलं अक्षर जातं', 'नीट लागत नाही', 'दार आपटलं की बोलणं कळत नाही'. दोनशेच्या वर नोंदी आहेत. तू होतास तोवरच्या सगळ्यांपुढे उत्तर एकच लिहिलंय.

मामा : माझ्या अक्षरात.

भाची : …हो.

मामा : पत्र जाणार असेल ना त्यांना?

भाची : आज संध्याकाळपर्यंत मसुदा हवाय बाईंना. मी म्हटलं, मी लिहिते.

मामा : तू नको. दे इकडे कागद. मी लिहितो.

भाची : ह्या टेबलावर बस. पुतळा सरकव.

मामा : 'माननीय ग्राहक, काही तांत्रिक कारणास्तव आपल्या यंत्राच्या ध्वनिप्रक्रियेमध्ये सुधारणा करणे आवश्यक…'

मामी : हे कोण वाचेल? मीच नाही वाचणार, आणि माझं तर लग्न झालंय तुमच्याशी.

मामा : मग कशी सुरुवात करू? तू सांग. अकराशे चाळिसांतली तू एक आहेस.

मामी : लिहा, 'तुम्ही सांगत होतात ते बरोबर होतं.'

मामा : आणि पुढे?

मामी : पुढचं मग बघू. आधी एवढं लिहा.